परिचारिका होण्यासाठी काय शिकावे लागते?

लातूर-नांदेडकडे बारावीचा निकाल लागला की घरोघरी आकडेमोड सुरू होते. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत किती गुण पडले, किती कमी पडले, आणखी एक वर्ष शिकवणी लावावी का, याची चर्चा चालते. ‘लातूर पॅटर्न’चे नाव महाराष्ट्रभर झाले ते याच चढाओढीमुळे. या गडबडीत एखाद्या मुलीचे गुण फारच कमी पडले तर कोणी मामा किंवा काका सहज बोलून जातो, “मग नर्सिंगला घाला.” या ‘मग’मध्ये एक समजूत दडलेली असते. हे शिक्षण सोपे, मन मायाळू असले आणि कामाचा कंटाळा नसला म्हणजे झाले, अशी ती समजूत. ती कितपत खरी आहे ते आज पाहू. ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांनी हे जाणून घ्यावेच. पण ज्यांना जायचे नाही त्यांनाही, आपण वर्गात शिकतो तो दाब आणि ते त्रैराशिक रुग्णाच्या खाटेपाशी कसे उपयोगी पडते हे पाहून मौज वाटेल.

प्रथम वाटा कोणत्या ते थोडक्यात सांगतो. ए.एन.एम. म्हणजे साहाय्यकारी परिचारिका-प्रसाविका हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. तो मुलींसाठी असतो, बारावी कोणत्याही शाखेतून उत्तीर्ण झालेली चालते आणि वय किमान १७ वर्षे पूर्ण लागते. शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष कामाचे असतात. जी.एन.एम. हा तीन वर्षांचा, मुलगे व मुली दोघांसाठी. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. त्याला भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय आणि प्रवेशपरीक्षा लागते. खेड्यातल्या उपकेंद्रात आपल्याला भेटणाऱ्या सिस्टर बहुधा ए.एन.एम. झालेल्या असतात. या लेखात मुख्यतः त्यांच्याच शिक्षणाचा विचार करू. पण पहिल्या वर्षाचे धडे सगळीकडे जवळजवळ सारखेच.

पहिला धडा कोणता असेल? इंजेक्शन देणे? मुळीच नाही. पहिला धडा खाट घालण्याचा! चादर कशी अंथरायची, कोपरे कसे दुमडायचे, सुरकुती कशी राहू द्यायची नाही, हे मुलींकडून पुनःपुन्हा करून घेतात. बारावी पास झालेल्या मुलीला हे अपमानास्पद वाटते. “हे तर आम्ही घरी करतोच,” अशी कुजबुज वर्गात होते. पण यामागचे भौतिकशास्त्र पाहा. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे तुम्ही शिकला आहात. उताण्या निजलेल्या माणसाच्या शरीराचा बराचसा भार डोक्याचा मागचा भाग, माकडहाड, टाचा अशा मोजक्या हाडांच्या टोकांवर येतो. क्षेत्रफळ थोडे, म्हणून दाब जास्त. त्वचेतल्या केशवाहिन्यांमधील रक्ताचा दाब पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटर इतकाच असतो. बाहेरचा दाब त्याहून फार वेळ जास्त राहिला की तेथील रक्तपुरवठा थांबतो आणि कातडी मरू लागते. चादरीची सुरकुती, ओलावा, घर्षण हे सारे त्यात भर घालतात. निरोगी माणूस झोपेतही कूस बदलतो. अर्धांगवायू झालेल्याला ते करता येत नाही. म्हणून त्याची कूस साधारण दर दोन तासांनी दुसऱ्याने बदलायची. हे चुकले तर माकडहाडावर पडणारी जखम हाडापर्यंत खोल जाऊ शकते आणि भरायला महिनेच्या महिने लागतात.

दुसरा धडा हात धुण्याचा. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, तळहात, हातांची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठा आणि नखे, ठरलेल्या क्रमाने. याची कथा १८४७ सालच्या व्हिएन्ना शहरातली आहे. तेथील प्रसूतिगृहात दोन विभाग होते. एकात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात प्रसाविका म्हणजे सुईणी. विद्यार्थ्यांच्या विभागात प्रसूतिज्वराने मरणाऱ्या मातांची संख्या कितीतरी अधिक होती. १८४६ साली ती पहिल्या विभागात शंभरात सुमारे ११ आणि दुसऱ्यात शंभरात ३ हूनही कमी! इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टराच्या लक्षात आले की विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीच्या दालनात येतात; सुईणी शवविच्छेदन करीत नाहीत. त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिल १८४७ मध्ये शंभरात १८ असलेले मृत्यू जूनमध्ये २ वर आले. जंतूंचा सिद्धांत तेव्हा अजून मांडला जायचा होता. शिकाऊ सुईणींचा विभाग विद्वानांच्या विभागापेक्षा सुरक्षित होता, ही गोष्ट परिचर्येच्या प्रत्येक शाळेत सांगायला हवी.

आता मोजण्याकडे वळू. या शिक्षणाचा खरा गाभा तोच आहे. नाडी, श्वास, तापमान, रक्तदाब, लघवीचे प्रमाण, बाळाचे वजन. दिवसभर मोजायचे आणि लिहायचे. श्वास मोजणे सर्वांत सोपे वाटते, पण मोजतो आहे असे कळले की रुग्ण नकळत वेगळा श्वास घेऊ लागतो. म्हणून नाडी पाहून झाली तरी मनगट तसेच धरून ठेवायचे आणि नजर छातीवर न्यायची. लहान मुलाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे, आणि मूल शांत असताना. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणले की चूकही चौपट होते. तुम्ही घरातले झोपलेले लहान भावंड घ्या आणि दोघांनी एकाच वेळी, एकमेकांना न सांगता, मिनिटभर मोजून पाहा. आकडे सहसा जुळत नाहीत!

या एका आकड्यावर काय अवलंबून असते? खोकला झालेले दोन महिन्यांच्या आतील बाळ मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास घेत असेल, दोन महिने ते एक वर्ष वयाचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांचे ४० किंवा अधिक, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. त्यासाठी क्ष-किरण यंत्र लागत नाही. आपल्या राज्याच्या पूर्व टोकाला गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी हेच तत्त्व खेड्यांत नेले. तेथे श्वास मोजणाऱ्या कार्यकर्त्यांत फारसे शिक्षण न झालेलेही होते. त्यांच्यासाठी मण्यांचे साधे साधन बनवले गेले, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. अशा कार्यकर्त्यांनी न्यूमोनिया ओळखून औषध देण्याच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जेथे प्रयोग केला नव्हता त्या भागात न्यूमोनियाचे बालमृत्यू हजारी १७.५ होते, प्रयोगाच्या भागात ८.१.

मग गणित. “नर्सिंगला गणित नसते” असे समजून आलेल्या मुली येथे अडखळतात, म्हणून जरा सविस्तर पाहू. समजा डॉक्टरांनी लिहिले, ५०० मिलिलिटर सलाइन चार तासांत द्या. सलाइनच्या नेहमीच्या एका संचात २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. म्हणजे एकूण थेंब १०,०००. चार तासांची मिनिटे २४०. भागाकार केला की मिनिटाला सुमारे ४२ थेंब. घड्याळ समोर धरून, नळीवरचे चाक फिरवत ४२ थेंब जुळवायचे.

लहान मुलांसाठी मात्र बारीक थेंबांचा संच असतो. त्यात एका मिलिलिटरचे ६० थेंब होतात. आता पाहा. एका बाळाला ताशी ३० मिलिलिटर द्यायचे आहे. बारीक संचावर मिनिटाला ३० थेंब पाडले की हिशेब बरोबर. पण घाईत मोठ्यांचा संच जोडला आणि तेच ३० थेंब पाडले तर? तासाला १,८०० थेंब, भागिले २०, म्हणजे ९० मिलिलिटर, अगदी तिप्पट! थेंब बरोबर मोजले, तरी बाळाच्या अंगात जाणारे पाणी तिप्पट. ते फुप्फुसात साठून बाळाला धाप लागू शकते. संचाच्या पाकिटावर एका मिलिलिटरला किती थेंब ते छापलेले असते. ते वाचल्याशिवाय पाकीट टाकायचे नाही, ही सवय पहिल्या वर्षातच लागावी लागते.

जे मोजले ते लिहायचे, आणि जे मोजले नाही ते लिहायचे नाही. ऐकायला सोपे आहे. रात्रपाळीला पहाटे चार वाजता, वीस खाटांचा कक्ष, डोळे मिटताहेत, आणि तक्त्यावर मागच्या वेळचा रक्तदाब १२०/८० लिहिलेला दिसतो. पुन्हा तोच आकडा उतरवून काढण्याचा मोह मोठा असतो. पण प्रसूतीनंतर रक्तस्राव होत असलेल्या बाईची नाडी आधी वाढते, रक्तदाब मागाहून उतरतो. दर पंधरा मिनिटांचे खरे आकडे समोर असले तर धोका आधी दिसतो; खोट्या तक्त्यात सगळे ठीक दिसते आणि मग एकदम धावपळ होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा कंदील सर्वांना ठाऊक आहे. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मेले, हे त्यांनी १८५८ साली आकडे आणि आकृत्या काढून दाखवले. माझ्या मते शाळांच्या भिंतींवर कंदिलाऐवजी त्या आकृत्या लावाव्यात.

अपघात आणि आपत्ती यांचेही धडे असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली किल्लारी, सास्तूरसारखी गावे भूकंपाने झोपेतच गाडली गेली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली जवळजवळ दहा हजार माणसे मेली. अशा वेळी प्रथम कोणाकडे पाहायचे? ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे हे ओरडण्यावरूनच कळते. गप्प पडलेल्याकडे आधी जायचे. मनाला हे पटायला वेळ लागतो.

रुग्णालयातली पाळी संपली की खेड्यातली सुरू होते. नियमाप्रमाणे सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र असते. किनवट-माहूरच्या डोंगरात आणि उदगीर-देगलूरच्या सीमेवर काम म्हणजे भाषांचीही परीक्षा. गोरमाटी, तेलुगू, कन्नड, दखनी यांपैकी कोणतीही कानावर पडते, आणि “दुखतं कुठं?” हा प्रश्न त्या त्या भाषेत विचारता आला पाहिजे. येथेही मोजमाप सुटत नाही. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची, आणि बाहेर मे महिन्याचे ४२ अंश! उन्हाने लस बिघडते हे सर्वांना कळते. पण धनुर्वातासारख्या काही लसी गोठल्यानेही वाया जातात, म्हणून बर्फाला चिकटवून ठेवून भागत नाही. कुपीवर एक वर्तुळ आणि त्यात चौकोन असतो. उष्णतेने चौकोन गडद होत जातो. तो वर्तुळापेक्षा फिका असेपर्यंत लस वापरायची. वर्तुळाइतका गडद झाला की मुदत शिल्लक असली तरी टाकून द्यायची.

आणखी काही गोष्टींची तयारी ठेवा. पुस्तके बहुतेक इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले सहा महिने जड जातात, पण शब्द ठरावीकच असल्याने पुढे सवय होते. पहिल्यांदा रक्त किंवा जखम पाहून चक्कर येते. ती पुष्कळांना येते. खाली बसावे, डोके गुडघ्यांकडे न्यावे आणि पुन्हा उठून कामाला लागावे. पहिला मृत्यू मात्र असा चटकन मागे टाकता येत नाही. त्या रात्री वसतिगृहात एकटीने राहू नये, मैत्रिणीशी किंवा शिकवणाऱ्या बाईंशी बोलावे. प्रसूतीच्या कामात आधी नुसते पाहायचे, मग मदत करायची, मग कोणी अनुभवी शेजारी उभे असताना स्वतः करायचे. प्रत्येक प्रसूतीची नोंद स्वतंत्र वहीत ठेवायची. ठरलेली संख्या भरल्याशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत.

शेवटी प्रवेशाविषयी. शिक्षण संपले की महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करावी लागते. नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. गावोगावी ‘सहा महिन्यांत नर्स व्हा’ अशा पाट्या दिसतात. त्या प्रमाणपत्रांवर ही नोंदणी होत नाही, आणि ते बहुधा फी भरून वर्ष गेल्यावर कळते. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी संस्थेची मान्यता परिषदेच्या यादीत पाहावी, मुली प्रत्यक्ष कोणत्या रुग्णालयात शिकतात हे विचारावे, आणि जमल्यास तेथे जाऊन दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीला विचारावे, आतापर्यंत किती रुग्णांची नाडी तू स्वतः मोजलीस?