रिपोर्ट पॉझिटिव्ह आणि पाच कारणं

आजचं वाचन: गीता, अध्याय १८, श्लोक १४ ते १६.

कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं इथे सांगितलंय. अधिष्ठान म्हणजे शरीर, मग कर्ता, साधनं, चेष्टा (आपली मराठीतली चेष्टा नव्हे, प्रयत्न) आणि पाचवं दैव. सदतिसाव्या आठवड्यात माझी ग्रुप बी स्ट्रेपची टेस्ट पॉझिटिव्ह आली, तेव्हापासून हे श्लोक डोक्यात आहेत.

असा रिपोर्ट आला की मन आधी दोषी शोधतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले तर जास्तच. बग दिसला की कोड कोणाचा, हा पहिला प्रश्न. बाहेरचं खाल्लं म्हणून? स्वच्छता कमी पडली? सासूबाईंनीही काळजीपोटी तेच विचारलं. खरं तर हा जिवाणू निरोगी बायकांच्या आतड्यात आणि योनिमार्गात सहज राहतो. अमेरिकेत साधारण चारातल्या एका गर्भवतीत तो सापडतो. अस्वच्छतेशी त्याचा संबंध नाही, आणि हा लैंगिक संबंधातून होणारा आजारही मानत नाहीत.

सोळावा श्लोक म्हणतो, फक्त स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याला नीट दिसत नाही. आपण हे अहंकाराबद्दल वाचतो, म्हणजे यश माझ्या एकटीचं नाही वगैरे. पण ‘माझ्यामुळेच झालं’ हाही तोच दावा आहे ना? फक्त रडवेल्या आवाजातला.

बाकी चार कारणांवर मात्र काम करता येतं. धोका बाळाला, तोही मुख्यतः प्रसूतीच्या वेळी. म्हणून कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं की शिरेतून पेनिसिलिन देतात. जन्माआधी निदान चार तास सुरू झालं तर उत्तम. सीडीसीच्या आकड्यांनुसार औषध न मिळालेल्या अशा आयांच्या २०० बाळांत एकाला आजार होतो, मिळालं तर ४००० मध्ये एकाला. मग आजच गोळ्या का नाही, हे मीही विचारलं. आत्ता घेतल्या तरी प्रसूतीपर्यंत जिवाणू परत येऊ शकतो. थांबणंच भाग आहे, आणि मला तेच सगळ्यात जड जातंय.

तुम्ही बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा, कारण आपल्याकडे ही टेस्ट सगळीकडे करत नाहीत. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा, दुसरी औषधं आहेत. पाणी गेलं तर कळांची वाट बघू नका, लगेच फोन करून निघा. बाळाला अंगावर पाजायला काही अडचण नाही.

उद्या श्लोक १७.