तारा लावल्यात, मग पेरू बंद?

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलीच्या दातांना तारा बसवल्या आहेत. घरची पेरूची बाग आहे. पेरू बंद करावा का? दात घासताना हिरड्यांतून रक्तही येतं.
– एक आई, दौलताबाद

उत्तर : ताई, पेरू बंद करू नका, दातांनी तोडून खाणं बंद करा. पिकलेल्या पेरूच्या बिया काढून पातळ फोडी द्या, दाढेने चावू दे. कच्चा पेरू आणि ऊस मात्र नकोच. त्यांनी दातावर तार धरून ठेवणारं ब्रॅकेट निघतं, उपचार लांबतात. सीताफळ चालेल, पण ते गोड. नंतर खळखळून चूळ भरायला हवी.

मला खरी काळजी रक्ताची वाटते. ब्रॅकेटभोवती अन्न साचलं की हिरड्या सुजतात, आणि रक्त दिसलं म्हणून मुलं तिथे घासणंच सोडतात. उलट तिथेच मऊ ब्रशने, तारेच्या वरून आणि खालून, हळुवार घासायचं. तारेखालून दातांच्या फटींसाठीचा छोटा इंटरडेंटल ब्रश फिरवायचा. पेस्ट फ्लोराइडची हवी, आणि रात्रीचं घासणं चुकता कामा नये. नाहीतर तारा निघाल्यावर दात सरळ दिसतात, पण त्यांवर पांढरे डाग राहतात. ते पूर्ण जातीलच असं नाही. दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही, तर तारा लावणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयातही तपासून घेता येईल.