चर्चामंडळापासून शेतकऱ्यास होणारे लाभ

नवे बियाणे, नवे खत, नवे औषध ह्यांची माहिती आज शेतकऱ्यापर्यंत अनेक वाटांनी येते. आकाशवाणी सांगते, दुकानदार सांगतो, पाहुणा सांगतो, शासनाचा कार्यकर्ताही सांगतो. तथापि माहिती कानावर पडणे आणि ती शेतात उतरणे ह्यांत बरेच अंतर आहे. दोन-तीन एकरांच्या धन्याला नवा प्रयोग करताना प्रथम घरच्या धान्याचा विचार करावा लागतो. प्रयोग फसला तर त्याचा एक हंगाम जातो, आणि गेलेला हंगाम परत येत नाही. म्हणून तो थांबतो, शेजाऱ्याकडे पाहतो. शेजारीही त्याच्याकडेच पाहत असतो. अशा रीतीने चांगली माहितीही वर्षानुवर्षे बांधाबाहेर उभी राहते.

हे अंतर कमी करण्याचा एक जुना व पारखून घेतलेला मार्ग म्हणजे शेतकऱ्यांचे चर्चामंडळ. ठराविक दिवशी, ठराविक जागी, पंधरा-वीस जणांनी एकत्र बसून एका विषयावर बोलणे, इतकेच त्याचे स्वरूप आहे. त्यापासून नेमका लाभ कोणता होतो आणि तो कोणत्या अटींवर होतो, ह्याचा विचार येथे केला आहे.

पुण्याचा प्रयोग

कॅनडात १९४१ साली शेतकऱ्यांसाठी नभोवाणी चर्चामंडळांची योजना सुरू झाली. शेजारीपाजारी एका घरी जमत, आधी आलेली पत्रिका वाचत, कार्यक्रम ऐकत व नंतर त्यावर चर्चा करीत. ‘वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा’ असे त्या योजनेचे ब्रीद होते.

ह्याच धर्तीवर आपल्याकडे १९५६ साली एक प्रयोग झाला. युनेस्कोच्या साह्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने तो केला. तत्कालीन मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), नाशिक, उत्तर सातारा (आताचा सातारा) व कोल्हापूर ह्या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे त्यासाठी निवडण्यात आली. फेब्रुवारी ते एप्रिल असे दहा आठवडे, आठवड्यातून दोन वेळा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम होत असे. असे एकूण २० कार्यक्रम झाले. प्रत्येक गावी मंडळाचे सभासद एकत्र बसून तो ऐकत व लगेच त्यावर बोलत. चर्चेत निघालेले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठविले जात आणि त्यांतील काहींची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात.

ह्या प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. तिचे काम समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ ह्यांनी पाहिले. पाहणीत तीन प्रकारची गावे होती : चर्चामंडळ असलेली, केवळ रेडिओ असलेली आणि दोन्ही नसलेली. कार्यक्रमांपूर्वी व नंतर लोकांना प्रश्न विचारून त्यांचे ज्ञान किती वाढले हे पाहण्यात आले. चर्चामंडळाच्या गावांत ज्ञानात सर्वांत ठळक वाढ दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती पुष्कळच कमी होती.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, आवाज दोन्हीकडे पोहोचू शकत होता. फरक पडला तो ऐकल्यानंतरच्या अर्ध्या तासाने. शिवाय कित्येक मंडळे केवळ बोलून थांबली नाहीत. गावातील सामाईक कामांचे निर्णय तेथे होऊ लागले व ग्रामपंचायतीच्या कामालाही त्यामुळे वेग आला. १९५९ साली ही योजना देशभर नेण्यात आली. पुढे काळाच्या ओघात ती ओसरली, परंतु तिने दिलेला धडा आजही उपयोगी आहे.

पहिला लाभ : कारण सापडते

एका शेतकऱ्याजवळ स्वतःचा एक अनुभव असतो. पाच शेतकऱ्यांचे अनुभव शेजारी शेजारी मांडले म्हणजे त्यांतून कारण दिसू लागते. सोयाबीनचे उदाहरण घेऊ. २०२० च्या खरिपात राज्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या होत्या. अशा वेळी प्रत्येक जण आपल्या शेतात उभा राहून ‘बी खोटे निघाले’ असे म्हणतो. ते खरेही असू शकते, परंतु तसे एकट्याला ठरविता येत नाही.

समजा, हाच प्रश्न मंडळापुढे आला. एकाने सांगितले की, त्याने पहिल्या सरीवरच पेरणी उरकली व पुढे पावसाने ओढ दिली. दुसऱ्याच्या पाभरीने बी फार खोल गेले. तिसऱ्याच्या शेतात पेरणीनंतर जोराचा पाऊस पडून जमिनीवर कडक पापडी धरली. चौथ्याने घरचे बी वापरले होते, पण गाडीतून उतरविताना पोती आपटली गेली होती. पाचव्याने चौथ्याकडूनच बी घेतले होते. त्याचेही उगवले नाही. आता चित्र स्पष्ट होते. पहिल्या तिघांच्या नुकसानीची कारणे तीन आहेत. चौथ्या व पाचव्याचे बी मात्र एकच आहे, म्हणून तेथे संशय बियाण्यावर जातो. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते. पोते आपटल्यास आतील अंकुर दुखावतो व दाणा वरून चांगला दिसला तरी उगवत नाही.

ह्या बोलण्यातून पुढील हंगामाचे नियमही निघतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्यावरच पेरावे. बी ३ ते ५ सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये. पोती हलक्या हाताने उतरवावीत. हेच नियम छापील पत्रकातही असतात, परंतु तेथे ते परक्याचे असतात. मंडळात ते आपल्या गावच्या चार शेतांच्या किमतीने मिळालेले असतात, म्हणून विसरले जात नाहीत.

दुसरा लाभ : एकट्याने न होणारे काम होते

काही शत्रू असे आहेत की, त्यांच्यापुढे एकट्या शेतकऱ्याची हुशारी चालत नाही. हुमणी हा त्यांतील एक होय. वळवाचा किंवा पावसाळ्याचा पहिला चांगला पाऊस झाला की, हुमणीचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर पडतात व बाभूळ, कडुनिंब, बोर ह्या झाडांवर पाला खाण्यास जमतात. तेथे त्यांचे मीलन होते आणि पहाटेपूर्वी ते पुन्हा जमिनीत जातात. मादी जमिनीत अंडी घालते. त्यांतून निघालेल्या अळ्या पुढे पावसाळाभर ऊस, भुईमूग इत्यादी पिकांची मुळे खातात. पीक पिवळे पडून वाळू लागते तेव्हा अळी मोठी झालेली असते व उपाय महाग आणि अपुरा ठरतो.

स्वस्त उपाय भुंगेऱ्याच्या अवस्थेतच आहे. रात्री झाडाच्या फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा करावेत व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकून मारावेत. प्रकाश सापळेही लावावेत. परंतु एकाने आपल्या बांधावरचे भुंगेरे वेचले व शेजाऱ्याने वेचले नाहीत, तर शेजारच्या झाडावरील मादी ह्याच्याच उसात अंडी घालते. त्याची मेहनत फुकट जाते आणि पुढच्या वर्षी तोही वेचणे सोडतो.

मंडळ असलेल्या गावात हे काम ठरवून करता येते. कोणत्या वस्तीने कोणती झाडे पाहावयाची, बत्त्या व भांडी कोणी आणावयाची, शेत पडीक ठेवून गावाबाहेर राहणाऱ्यांच्या बांधांचे काय करावयाचे, हे पाऊस येण्यापूर्वीच ठरते. चारचौघांत दिलेला शब्द मोडणे मनुष्यास जड जाते, म्हणून कामही तडीस जाते. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते.

तिसरा लाभ : प्रश्न योग्य जागी पोहोचतो

एकट्याची तक्रार पुष्कळदा चावडीवरच विरते. वीस जणांनी नीट मांडलेला व लिहून काढलेला प्रश्न कार्यालयाला व संशोधन केंद्रालाही बाजूस सारता येत नाही. कोणत्या जमिनीत, कोणत्या तारखेस, कोणत्या वाणावर काय दिसले ही हकिकत शास्त्रज्ञालाही हवीच असते. शिवाय जो मनुष्य सभेत कधी बोलला नाही, तो आपल्या शेताविषयी बोलता बोलता धीट होतो. पुढे पंचायतीत किंवा सहकारी सोसायटीतही तो आपला प्रश्न विचारू लागतो. हा लाभ मापाने मोजता येत नाही, पण तो लहान नव्हे.

धोका कोठे आहे

‘पाचामुखी परमेश्वर’ असे आपण म्हणतो. परंतु पाच मुखे एकच ऐकीव गोष्ट बोलू लागली तर चूकही तितक्याच वेगाने पसरते. एखाद्या औषधाची मात्रा कोणीतरी चुकीची सांगतो, दुसरा मान डोलावतो आणि आठवड्याभरात सारे शिवार त्या मात्रेने फवारले जाते. म्हणून मंडळात मतापेक्षा मापाला मान द्यावा. कोणी ‘माझे बी उत्तम’ असे म्हटले तर वाद न घालता तेथेच उगवण तपासावी. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत १०० दाणे मांडावेत, गोणपाट गुंडाळून सावलीत ओले ठेवावे आणि सुमारे सहा-सात दिवसांनी चांगले अंकुर मोजावेत. सोयाबीनचे ७० किंवा अधिक दाणे उगवले तर बी पेरण्यास योग्य. कमी उगवले तर त्या मानाने बियाण्याचे प्रमाण वाढवावे, फारच कमी असल्यास ते पेरू नये.

दुसरा धोका असा की, मंडळ दोन-चार वजनदार मंडळींचे होऊन बसते. मोठ्या बागाइतदाराला जमणारा उपाय कोरडवाहू शेतकऱ्याला परवडतोच असे नाही. बी निवडणे, राखणे, निंदणी करणे ही कामे बहुतांशी स्त्रिया करतात, आणि भुंगेरे वेचण्यास मजूर हवे असतात. ज्यांच्या हातून काम व्हावयाचे त्यांनाच चर्चेत जागा नसेल तर ठराव कागदावर राहतो.

कार्यकर्त्याने काय करावे

१. मंडळ वीस जणांच्या आसपास ठेवावे. गाव मोठे असल्यास वस्तीवार दोन मंडळे करावीत.

२. दिवस व वेळ सभासदांना विचारून ठरवावी. सायंकाळी चुलीपुढे असणाऱ्या स्त्रियांना येता येईल अशीही एक बैठक असावी.

३. एका बैठकीस एकच विषय घ्यावा, व तो पुढील पंधरवड्यात शेतात लागणारा असावा. हुमणीची चर्चा वळवापूर्वी उपयोगी. पीक वाळल्यावर ती केवळ शोक होय.

४. आरंभीच भाषण करू नये. प्रथम तीन-चार सभासदांचा अनुभव ऐकावा, नंतर आपली माहिती सांगावी. न बोलणाऱ्यास नावाने विचारावे.

५. बैठकीच्या शेवटी कोणी, कधी, काय करावयाचे ते वहीत लिहावे. पुढील बैठक ती वही वाचूनच सुरू करावी.

६. उत्तर ठाऊक नसल्यास तसे मोकळेपणाने सांगावे, प्रश्न लिहून घ्यावा आणि पुढील बैठकीत उत्तर आणावे. उत्तर आले नसेल तर ते का आले नाही हे सांगावे. विचारलेल्या प्रश्नाचे काहीच होत नाही असे एकदा दिसले की, सभासद प्रथम विचारणे सोडतो आणि मग येणे सोडतो.

तात्पर्य

चर्चामंडळ शेतकऱ्याला पैसे देत नाही, बीही देत नाही. ते त्याला शेजाऱ्याचा अनुभव देते आणि संकटात सोबत देते. नवी गोष्ट करून पाहण्याचा जो भार एकट्याच्या खांद्यावर येतो, तो वीस जणांत वाटला जातो. एकाने दहा गुंठ्यांत करून पाहावे, बाकीच्यांनी बांधावर येऊन ते पाहावे आणि पुढील हंगामी सर्वांनी त्याचा लाभ घ्यावा. येत्या हंगामापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावी असे एक मंडळ बसवून पाहावे. त्यास इमारत लागत नाही. एक पार, एक वही आणि ठरलेल्या दिवशी न चुकता येणारी माणसे एवढ्यावर ते उभे राहते.