इंजिनाचं बी.पी.

गाडीच्या डॅशबोर्डवर ऑईलच्या किटलीचं चित्र असलेला एक छोटा लाल दिवा असतो. चावी फिरवली की लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो. आपल्यापैकी बहुतेकांचा ऑईल प्रेशरशी संबंध एवढाच. माझाही तेवढाच होता.

मे २०२२ मध्ये आमच्या आप्पांची, म्हणजे थोरल्या काकांची, जुनी डिझेल जीप चिपळूणहून पाटणकडे येताना कुंभार्ली घाटात बंद पडली. आप्पा वडाप करतात. घर त्याच जीपवर चालतं. आधी खालून टक-टक आवाज आला, पाच मिनिटांत तो ठण-ठण झाला आणि इंजिन जाम. खोललं तेव्हा दोन बिग एंड बेअरिंग पार तांब्यापर्यंत घासलेली आणि क्रँकवर चरे. ऑईल किमान खुणेच्याही खाली गेलेलं. मग लाल दिवा का लागला नाही? कारण दिव्याचा बल्बच गेलेला होता. कधी गेला, कुणालाच माहीत नाही. पतसंस्थेचं कर्ज काढून इंजिन बांधलं आणि त्या दिवाळीच्या सुट्टीत मी जीपला ऑईल प्रेशरचा गेज लावायचं ठरवलं. तेव्हा जे शिकलो ते इथे मांडतो.

दिवा काय सांगतो, काय सांगत नाही

दिव्याला जोडलेला असतो एक साधा प्रेशर स्विच. प्रेशर साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेलं की तो दिवा लावतो. आता गरम इंजिन रस्त्यावर चालताना ३ ते ४ बार प्रेशर असायला हवं असेल, आणि ते घसरत घसरत १ बारवर आलं, तरी दिवा विझलेलाच! दिवा म्हणजे नापासाचा निकाल. गेज म्हणजे दर आठवड्याची चाचणी परीक्षा.

बेअरिंग तरंगतं कशावर?

क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात साधारण ०.०५ मिलिमीटरची फट असते. शाफ्ट फिरताना ऑईलला या फटीच्या निमुळत्या भागात ओढून नेतो, तिथे प्रचंड दाब तयार होतो आणि शाफ्ट ऑईलच्या थरावर तरंगतो. हे उघडकीला आलं तेही एका प्रेशर गेजमुळेच. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर हे रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. बेअरिंगच्या डोक्यावर पाडलेल्या भोकातून ऑईल वर येऊ लागलं. बूच मारलं, तर तेही बाहेर ढकललं गेलं. शेवटी तिथे २०० पीएसआयचा गेज लावला आणि काटा टोकाला जाऊन भिडला. बेअरिंगवरचा सरासरी भार मात्र १०० पीएसआयच होता. पुढे १८८६ मध्ये ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. मशीन डिझाइनच्या पेपरला आपण घोकतो ते रेनॉल्ड्सचं समीकरण हेच.

म्हणजे शाफ्टला उचलून धरणारा दाब ऑईल पंप देत नाही. पंपाचं काम फटीपर्यंत ऑईल पोचवत राहणं. आपला गेज दाखवतो ते या पुरवठ्याचं प्रेशर. पंप दर फेऱ्याला ठरावीक ऑईल ढकलतो आणि बेअरिंगच्या फटी त्याला अडवतात, म्हणून प्रेशर तयार होतं. फटीतून गळणारं ऑईल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. फट दुप्पट झाली की गळती आठपट! ऑईल पातळ झालं तरी गळती वाढते. म्हणून बेअरिंगची झीज असो, पातळ ऑईल असो, की कमी ऑईलमुळे पंपाने ओढलेली हवा असो, बातमी आधी काट्यावर येते. आवाज फार नंतर येतो.

कोणता गेज?

दोन प्रकार मिळतात. मेकॅनिकल गेजमध्ये इंजिनातून एक बारीक नळी थेट डॅशबोर्डपर्यंत येते आणि आत वाकवलेली चपटी नळी दाबाने सरळ होऊ बघते, त्याने काटा फिरतो. हीच १८४९ ची बूर्दोन ट्यूब. भरवशाची, वायरिंगची कटकट नाही. पण नळी फुटली तर गरम ऑईल थेट केबिनमध्ये. वडापमध्ये पुढच्या सीटवर म्हातारी माणसं बसतात, त्यांच्या पायावर उकळतं ऑईल नको, म्हणून मी इलेक्ट्रिकल घेतला. यात इंजिनाजवळ सेंडर बसतो आणि आत फक्त वायर येते.

मात्र गेज आणि सेंडर एकाच जोडीचे हवेत. माझा सेंडर शून्य दाबाला १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८० ओहमचा. काही सेंडर उलटे असतात, शून्याला २४० आणि पूर्ण दाबाला ३३ ओहम. जोडी चुकली तर काटा खोटंच बोलणार. दुकानातच मीटर लावून बघा.

बसवताना

इंजिन थंड असू द्या. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. मग दिव्याचा स्विच खोलून त्या जागी टी बसवायचा. टीच्या एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्याला सेंडर. दिवा काढून टाकू नका. काट्याकडे आपलं लक्ष नसेल तेव्हा तोच कामाला येतो. (नवा बल्ब टाकायला मात्र विसरू नका!)

इथे पहिला सापळा आहे आट्यांचा. १/८ एनपीटी आणि १/८ बीएसपी हे दोन आटे डोळ्यांना सारखेच दिसतात. पहिल्याचे इंचाला २७ आटे, कोन ६० अंश. दुसऱ्याचे २८ आटे, कोन ५५ अंश. एक दुसऱ्यात दोन-तीन फेरे जातो आणि मग अडतो. तिथे पान्याने जोर लावला की ब्लॉकचे आटे गेले. वर्कशॉपमधला थ्रेड गेज खिशात घालून जा. हाताने गुंतत नसेल तर थांबा.

दुसरी गोष्ट, जड सेंडर टीवर लोंबकळत ठेवायचा नाही. डिझेल इंजिनाच्या थरथरीने टीची मान तुटते आणि ऑईल बाहेर पडतं. ते गरम सायलेन्सरच्या पाईपवर पडलं तर आग. मी ऑईलला चालणारा लवचिक होज घेऊन सेंडर बॉडीवर क्लॅम्पने बसवला. होज आणि वायर एक्झॉस्टपासून लांब नेली, पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट घातला आणि गेजला फ्यूजमधून, चावी ऑन केल्यावरच येणारी सप्लाय दिली.

माझी चूक

इंजिन सुरू केलं, गरम होऊ दिलं आणि आयडलला काटा ६ बारवर! मी खूष. आप्पा खूष. बांधणी करणारे मिस्त्री आधीच हसले होते, "काटा लावला म्हणून काय ऑईल वाढतं व्हय?" आता ते गप्प बसले. पण रात्री झोप लागेना. रिलीफ व्हॉल्व्ह साधारण ४-५ बारला उघडतो, मग गरम इंजिनात, तेही आयडलला, ६ बार येतील कुठून?

सुट्टी संपल्यावर कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या सरांना विचारलं. त्यांनी एकच प्रश्न केला, "सेंडरला अर्थ कुठून दिलास?" तिथेच ट्यूब पेटली. सेंडर इंजिनावर नव्हता, रंगवलेल्या पत्र्यावर होता. रंगामुळे अर्थ कच्चा, म्हणजे वाटेत जादा ओहम. आणि माझ्या सेंडरच्या हिशेबात जादा ओहम म्हणजे जादा प्रेशर! कच्च्या अर्थने गेज बंद पडला असता तर बरं, इथे तो आजारी इंजिनालाही ठणठणीत दाखवणार होता. पुढच्या रविवारी सेंडरच्या अंगावरून इंजिन ब्लॉकपर्यंत वेगळी वायर ओढली आणि सरांकडून आणलेला मेकॅनिकल गेज लावून ताडून बघितलं. गरम आयडलला खरा आकडा १.८ बार, आणि तिसऱ्या गियरमध्ये ताशी ४० ला ३.५.

हे दोन आकडे मी डॅशबोर्डवर खडूने लिहिले. गेज बसवण्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो. थंड इंजिनात प्रेशर जास्त, गरम झाल्यावर कमी, हे चालायचंच. दर हजार फेऱ्यांना १० पीएसआय हा ढोबळ नियम आहे, पक्का आकडा मॅन्युअलमध्ये. पण आपल्या गाडीचा, गरम असतानाचा, नेहमीचा आकडा माहीत असला तरच घसरण कळते.

फोन

फेब्रुवारी २०२३ मध्ये होस्टेलवर आप्पांचा फोन आला. "आरं, काटा रोज जरा खालीच ऱ्हातोय बघ. आज एक पूर्णांक दोन." मी म्हणालो, "आप्पा, आधी डिपस्टिक बघा." ते म्हणाले, "ऑईल कमी न्हाय, उलट वाढलंय!" कमी होत नाही याचा त्यांना आनंदच होता.

ऑईल आपोआप कधी वाढत नसतं. मी म्हणालो, "वास घेऊन बघा." डिझेलचा वास. या इंजिनावरच्या डिझेल फीड पंपात रबरी पडदा असतो. तो फाटला की डिझेल गळून ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिक भरलेली दिसते आणि ऑईल पातळ होत जातं. गाडी तिथेच थांबवली. पडदा, ऑईल, फिल्टर बदललं. खर्च इंजिनबांधणीच्या पासंगालाही पुरणार नाही एवढा. काटा पुन्हा १.८ वर. तीन आठवडे ही घसरण चालू होती आणि लाल दिवा, नवा बल्ब असूनही, एकदाही लागला नव्हता. लागायला नकोच होता, त्याची हद्द फार खाली.

जाता जाता

होस्टेलच्या पार्किंगमधल्या १०० सीसी बाईकना गेज लावायच्या भानगडीत पडू नका. त्यांच्या क्रँकला बॉल आणि रोलर बेअरिंग असतात, तिथे फार प्रेशर लागतच नाही. वेळेवर ऑईल बदला, तेवढं पुरे.

ज्यांच्या घरी जीप, ट्रॅक्टर, जुनी कार आहे त्यांनी सुट्टीत गेल्यावर एवढं करा. इंजिन सुरू न करता चावी ऑन करा आणि लाल दिवा लागतो का बघा. नाही लागला तर बल्ब, वायर, स्विच तपासा. गेज नंतर. आणि गेज लावलात तर घरच्यांना त्यांच्या गाडीचे दोन आकडे शिकवा. आमच्या जीपवरचा खडू कधीच पुसला गेला, पण आप्पांना आकडे पाठ आहेत. हल्ली माझा फोन गेला की ते माझ्या परीक्षेचं विचारायच्या आधी काट्याचं सांगतात.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी