दार, पहारेकरी आणि नेटवर्क
कार्यालयीन इमारतीसाठी प्रवेश-नियंत्रण यंत्रणा निवडताना

मावळ तालुक्यातील लोहगडावर जाणाऱ्यास गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडावे लागतात. वाट एका दरवाजातून सरळ दुसऱ्यात शिरत नाही. ती वळसे घेत चढते आणि खालच्या दरवाजाशी आलेला मनुष्य वरच्या तटावरील पहाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात राहतो. खालचा दरवाजा पडला तरी वरचा आपल्या बळावर लढू शकतो. मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची साक्ष देणारे बारा किल्ले ११ जुलै २०२५ रोजी जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत लोहगडही आहे. कार्यालयाच्या दाराचा विचार करणाऱ्यासही या रचनेकडे पाहण्यासारखे आहे.

२०२५ मध्ये मुंबईत मंत्रालयाच्या प्रवेशद्वारांवर चेहऱ्यावरून ओळख पटविणारी यंत्रणा सुरू झाली. अशा यंत्रणांचे प्रस्ताव आता नगरपरिषदा, महाविद्यालये आणि रुग्णालये यांच्यापुढेही येऊ लागले आहेत. विक्रेता प्रथम पडद्यावरील रंगीत तक्ते दाखवितो. मात्र खरेदी समितीने पाहावयाचे असते ते पडद्यामागचे.

या यंत्रणेचे भाग मोजकेच असतात. दारावरील वाचक-यंत्र कार्ड, बोटाचा ठसा वा चेहरा वाचते. कंट्रोलर त्या व्यक्तीस प्रवेश आहे की नाही हे ठरवितो. विजेवर चालणारे कुलूप त्याप्रमाणे उघडते. आणि हे सर्व नेटवर्कने एका मध्यवर्ती संगणकाशी जोडलेले असते. परवानग्या देणे वा काढणे आणि नोंदी पाहणे ही कामे त्या संगणकावरून होतात. बदली झालेल्या कर्मचाऱ्याचे कार्ड एका जागेवरून रद्द करता येते, ही सोय मोठीच आहे. किल्ली हरवली म्हणून सगळी कुलुपे बदलण्याची वेळ येत नाही.

पण नेटवर्क तुटले तर? येथेच चांगली आणि सुमार यंत्रणा वेगळ्या पडतात. ज्या यंत्रणेत प्रत्येक दार परवानगीसाठी दूरच्या संगणकाकडे विचारणा करते, ती तार तुटताच आंधळी होते. ज्या यंत्रणेतील कंट्रोलर परवानग्यांची यादी आपल्याच स्मृतीत बाळगतो, तो नेटवर्क नसतानाही दार चालवितो आणि संपर्क पूर्ववत् होताच साठलेल्या नोंदी वर पाठवितो. लोहगडाच्या दरवाजांचे तत्त्व हेच होय. निविदेच्या अटींत ही बाब स्पष्ट शब्दांत असावयास हवी. तोंडी आश्वासन पुरेसे नाही.

लोणावळ्यात वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही बहुतांशी चार महिन्यांत. त्या दिवसांत वीज जाणे, भिंतींना ओल धरणे, धुके इमारतीत शिरणे हे नित्याचे. बाहेरच्या फाटकावरील वाचक-यंत्र पाऊस आणि धूळ यांना दाद न देणाऱ्या बांधणीचे हवे. नेटवर्कच्या तांब्याच्या तारेची मर्यादा शंभर मीटरची. शिवाय दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची तार नेल्यास वळवाच्या विजांनी दोन्हीकडील उपकरणे जळण्याचा धोका असतो. तेथे प्रकाशतंतूची तार घालावी. नेटवर्कच्या तारेतूनच दाराला वीज पुरविण्याची पद्धत आता रूढ आहे. तिच्या मूळ मानकानुसार एका तारेत सुमारे पंधरा वॅट, तर पुढच्या मानकानुसार तीस वॅट मिळतात. यात एक गोष्ट हमखास विसरली जाते: दार या तारेवर जगते, तेव्हा ज्या स्विचमधून ती तार निघते त्यालाच बॅटरीचा आधार हवा.

वीज पूर्णपणे गेल्यावर दार उघडे राहावे की बंद, हा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. विद्युत्-चुंबकी कुलूप वीज असेपर्यंतच धरून ठेवते. दुसऱ्या प्रकारचे कुलूप वीज गेली तरी बाहेरून बंद राहते, मात्र आतून मूठ फिरविताच उघडते. अभिलेख कक्ष किंवा रोख रकमेची खोली यांना दुसरा प्रकार योग्य. जिन्याकडे आणि बाहेर जाणाऱ्या मार्गांना पहिला. कोणत्याही परिस्थितीत आतील माणसाला बाहेर पडण्यासाठी कार्ड वा परवानगी लागता कामा नये. बाहेर पडण्याची दारे आतून किल्लीविना उघडली पाहिजेत, असे राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ सांगते. आगीची सूचना देणाऱ्या यंत्रणेची तार थेट कुलपाच्या वीजपुरवठ्याशी जोडावी. आगीच्या वेळी संगणकाच्या कृपेवर विसंबू नये. रायगडाच्या हिरकणीला कडा उतरावा लागला, कारण तिन्हीसांजेनंतर दार उघडण्याचा अधिकार कोणा पहारेकऱ्यास नव्हता, अशी कथा आहे. कथा कौतुकाची खरी, पण दाराच्या नियमाला अपवाद कोण करणार हे कार्यालयात आधीच लिहून ठेवलेले बरे.

ओळख कशाने पटवावी? आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिला गेला, तेव्हापासून बोटाचा ठसा आपल्या परिचयाचा झाला आहे. तरीही भातलावणीत दिवसच्या दिवस चिखलात असलेले, धुण्याभांड्यांनी झिजलेले किंवा नुसते पावसात भिजलेले बोट यंत्राला वाचता येईलच असे नाही. सफाई कामगार स्त्रीला रोज सकाळी दाराशी पाचदा बोट टेकवावे लागत असेल, तर दोष तिचा नव्हे. तिच्यासाठी कार्डाचा पर्याय ठेवावा. कार्डही पारखून घ्यावे. जुन्या, कमी कंप्रतेच्या कार्डांची नक्कल सहज होते. ‘मायफेअर क्लासिक’ या एकेकाळी सर्वत्र वापरात असलेल्या कार्डाची सुरक्षा भेदता येते, हे नेदरलंड्समधील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. तसेच वाचक-यंत्र आणि कंट्रोलर यांच्यातील जुनी ‘वायगंड’ पद्धत उघडी भाषा बोलते. ‘ओएसडीपी’ ही नवी पद्धत सांकेतिक संदेशांची सोय देते. नव्या कामात दुसरीच मागावी आणि ती सोय प्रत्यक्ष चालू केल्याची खात्री करावी.

दाराच्या नोंदी म्हणजे माणसांच्या हालचालींचा इतिहास. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. ठसे आणि चेहरे साठविणाऱ्या कार्यालयाने ते कशासाठी व किती दिवस ठेवणार, हे ठरविणे क्रमप्राप्त आहे. शिवकालीन गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी असत. एकाच्या हाती गड सोपविला जात नसे. येथेही परवानगी देणारा, नोंदी तपासणारा आणि यंत्र सांभाळणारा हे तिघे वेगळे असावेत. पुष्कळदा हे तिन्ही अधिकार पुरवठादाराच्या तंत्रज्ञाकडे एका सांकेतिक शब्दात राहून जातात, आणि तो शब्दही कारखान्यातून आला तसाच असतो.

दाखला, उतारा किंवा अर्ज घेऊन येणाऱ्या नागरिकाच्या वाटेत मात्र कार्डाचे दार घालू नये. अर्ज स्वीकारण्याची खिडकी आणि बसण्याची जागा पहिल्या दाराच्या अलीकडे असावी. नियंत्रण त्यापलीकडे सुरू व्हावे. नकाशा आखतानाच हे ठरले, तर वेगळा खर्च येत नाही.

शेवटचे देयक अदा करण्यापूर्वी चाचणी घ्यावी, आणि शक्यतो ती जुलै महिन्यात घ्यावी. आधी नेटवर्कची तार काढावी, मग मुख्य वीजपुरवठा बंद करावा, मग आगीची सूचना वाजवावी. प्रत्येक वेळी कोणते दार उघडले, कोणते बंद राहिले आणि बॅटरी किती तास टिकली, हे पुरवठादाराच्या समक्ष लिहून त्याखाली दोघांच्या सह्या घ्याव्यात.