सव्वा महिन्याच्या आतली एक फेरी

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "डोळ्यांचं सव्वा महिना झाल्यावर बघू," आणि मी गप्प बसले. तुझ्या शेजारी सासूबाई होत्या, त्यांच्यासमोर तुला अडचणीत टाकायचं नव्हतं. आता बाळ झोपलं असेल तर नीट ऐक.

तुझं बाळ ३२व्या आठवड्यात झालं, १६०० ग्रॅमचं. आज त्याचा बाविसावा दिवस. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायचा, असा आपल्याकडे नियम आहे. म्हणजे बघ, तुझ्या हातात आठ दिवस आहेत. सव्वा महिना पाळायला माझी काही हरकत नाही, शेक घे, डिंकाचे लाडू खा, पण ही एक फेरी त्याच्या आतच करायची.

खरं सांगू का, माझ्या हातूनही हे सुटलं होतं. माझी लेक १४०० ग्रॅमची. डिस्चार्ज कार्डावर 'आरओपी तपासणी' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ती फाइल टोपडी-दुपट्यांच्या कपाटात ठेवली आणि दर दोन तासांच्या दुधात बुडून गेले. सव्विसाव्या दिवशी लसीचं कार्ड शोधताना ती ओळ दिसली आणि हातपाय गार पडले. तपासणी वेळेत झाली, लेकीची नजर उत्तम आहे. पण त्या दुपारची धडधड मी विसरलेले नाही, म्हणून तुझ्यामागे लागलेय.

आता आरओपी, म्हणजे रेटिनोपॅथी ऑफ प्रिमॅच्युरिटी, हा आजार काय ते समजून घे, म्हणजे घरात समजावताना तुझा आवाज कापणार नाही. पोटात असताना साधारण सोळाव्या आठवड्यापासून बाळाच्या डोळ्यातल्या पडद्यावर रक्तवाहिन्या पसरायला लागतात. मांडवावर वेल चढतो ना, तशा मधून कडेकडे. नाकाकडची कड छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास गाठतात, कानाकडची पार चाळिसाव्याला. तुझं बाळ आधीच बाहेर आलं, तेव्हा मांडवाची कड अजून मोकळी होती. बऱ्याच बाळांत वेल आपला आपण पुढे सरकतो आणि काही करावं लागत नाही. काहींत तो मध्येच थांबतो, उपाशी राहिलेली कड रक्त मागत राहते आणि मग नाजूक, वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात. त्या वाढून पडद्याला ओढायला लागल्या की पडदा सुटतो. हे सगळं आत चालतं गं. डोळा बाहेरून छान काळाभोर दिसतो, बाळ उजेडाकडे बघतं, तरी आत काय चाललंय ते आईला कळत नाही. बाहुली पांढरी दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

आणि तू ते रडत विचारलंस ना, "काचेच्या पेटीत ऑक्सिजन दिला, त्यानंच झालं तर?" हे ओझं मनातून काढून टाक. हा आजार १९४२ मध्ये बोस्टनच्या थिओडोर टेरी यांनी प्रथम नोंदवला. जास्त ऑक्सिजनशी त्याचा संबंध आहे हे १९५०च्या दशकात कळलं, तेव्हा दवाखान्यांनी ऑक्सिजनच आखडता घेतला. अंधत्व घटलं, पण बाळं दगावू लागली. तेव्हापासूनचा धडा इतकाच की द्यायचा, पण मोजून. बाळाच्या पावलाला तो लाल दिवा बांधलेला होता ना, तो त्याचसाठी. त्या ऑक्सिजननं तुझं बाळ घरी आलंय.

तपासणीला काय होतं ते सांगते. आधी बाहुली मोठी करायला थेंब घालतात, तासभर तरी जातो. मग डोळा बधिर करणारा थेंब, आणि पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून बारीकशी तारेची क्लिप. ती क्लिप बघून तुझ्या पोटात गोळा येईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. बाळ किंचाळेल. त्याला घट्ट गुंडाळून धर. तपासणीच्या आधी तासभर पाजू नकोस, उलटी होते. नंतर लगेच जवळ घे.

पूर्वी डॉक्टर कपाळावर दिवा बांधून, हातात भिंग धरून बघायचे आणि दिसलं ते कागदावर काढून ठेवायचे. आजही ती पद्धत वापरतात आणि ती चांगलीच आहे. पण आता रेटकॅमसारखा कॅमेरा आहे. डोळ्यावर जेल लावून तो हलकेच टेकवतात आणि एका फोटोत सुमारे १३० अंशांचा पडदा दिसतो. बेंगळुरूच्या फोरस हेल्थनं आपल्याच देशात 'थ्रीनेत्र निओ' बनवलाय. मला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही, की फोटो मागे राहतो. या आठवड्याचा आणि पुढच्या आठवड्याचा शेजारी ठेवून वेल कुठवर गेला ते मोजता येतं, आणि फोटो दुसऱ्या गावच्या तज्ज्ञालाही दाखवता येतो. कर्नाटकात नारायण नेत्रालयाच्या 'किडरॉप'मध्ये २००८ पासून हेच चालतं. शिकलेले तंत्रज्ञ कॅमेरा गाडीत घालून जिल्ह्याजिल्ह्यांच्या नवजात कक्षांत जातात, फोटो तज्ज्ञ बघतात. वाहिन्यांचा वाकडेपणा ओळखणारे संगणकी कार्यक्रमही आलेत, पण निर्णय डॉक्टरांचाच.

एका फेरीत संपेल असं मात्र धरू नकोस. वेल कडेपर्यंत पोचेस्तोवर आठवड्या-दोन आठवड्यांनी बोलावतील. कंटाळून मध्येच सोडायचं नाही. उपचार लागलेच तर दोन-तीन दिवसांत करावे लागतात, लेझर किंवा डोळ्यात इंजेक्शन. इंजेक्शन दिलं तर नंतरच्या फेऱ्या जास्तच जपायच्या, कारण आजार उशिरा परत डोकं वर काढू शकतो. खर्चाची काळजी असेल तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी कर, त्यात हा आजार आहे.

सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांना बरोबर घेऊन जा. तिथे बाळाला घट्ट धरायला त्यांचाच हात लागेल, तुझे थरथरतील. काजळ घालू नका म्हणावं, निदान तपासणी होईपर्यंत तरी. पिशवीत दोन दुपटी, टोपडं आणि ते डिस्चार्ज कार्ड ठेव. नंबर आजच लाव, आणि फोन करताना "बाळ ३२ आठवड्यांचं, आरओपीसाठी" असं आधीच सांग. डॉक्टरांनी पडद्याचा फोटो दाखवला तर मलाही पाठव गं, भाच्याचा वेल कुठवर चढलाय ते मला बघायचंय.