उन्हाळ्यातील रामेश्वर यात्रा : भाविकांसाठी काही सूचना

वैनगंगातीरावरील कारधा परिसरातील भाविकांना 45 अंशांचा उन्हाळा नवा नाही. त्यामुळे मे महिन्यात रामेश्वर-कन्याकुमारीस निघताना तेथील तुलनेने कमी तापमानाची कोणी पर्वा करीत नाही. येथेच गफलत होते. आपली उष्णता कोरडी, तेथील दमट. आपल्याकडे घाम तत्काळ वाळतो व शरीर निवते. समुद्रकाठी तो अंगावरच राहतो. आपला कूलरही तेथे कुचकामी ठरतो, तो याच कारणाने. वृद्ध माता-पित्यांना सोबत नेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. चक्कर, मळमळ वा ग्लानी आल्यास प्रवासाचा शीण समजून अंगावर काढू नये. त्वरित सावलीत नेऊन अंग ओल्या फडक्याने पुसावे व डॉक्टरांना दाखवावे.

खरे तर डिसेंबर-जानेवारीच उत्तम. परंतु मुलांच्या सुट्या उन्हाळ्यातच असतात, त्यास इलाज नाही.

रामेश्वरी 22 तीर्थांचे स्नान पहाटेच उरकावे. त्यानंतर दर्शनासाठी कोरडी वस्त्रे लागतात आणि दमट हवेत ओले कपडे लवकर वाळत नाहीत. म्हणून सुती वस्त्रांचे दोन जोड अधिक न्यावेत. मदुरेचे मीनाक्षी मंदिर दुपारी बंद असते, तो वेळ विश्रांतीस द्यावा. केरळात साधारणतः 1 जूनच्या सुमारास मोसमी पाऊस सुरू होतो. तिरुवनंतपुरमचा बेत त्यापूर्वीच ठेवावा.